हिरव्या चुड्याचं माप

रंगूबाईची जीभ तिखट, पण सुनेवर जीव असा की वस्तीतल्या बायका म्हणायच्या, "सासू कसली, आईच्या वरताण हाय." खोटं नव्हतं ते. सोनमला आई नव्हती, माहेर लांब सांगलीकडं, म्हणून बाळंतपण इथंच करायचं ठरलेलं. रहिमतपूरजवळच्या त्या वस्तीवर पत्र्याच्या दोन खोल्या, लेक सिद्धू दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर, आणि रंगूबाई आल्याच्या रानात रोजानं तण भांगलायला. सुनेला दिवस गेले तसं घरातलं दूध तिच्या पेल्यात जायला लागलं आणि रंगूबाई कोरा चहा प्यायला लागली.

म्हणून तर सरकारी दवाखान्यातलं ते बोलणं तिच्या काळजाला लागलं. पाचव्या महिन्याची तपासणी होती. रोजगार बुडवून दोघी सकाळपासून बाकावर बसलेल्या. नंबर आला तेव्हा सिस्टरनं कागद बघितला आणि बाहेरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रक्त वाढत कसं नाही हिचं? गोळ्या खाते का उकिरड्यावर टाकते? आणि तुम्ही हो मावशी, सुनेला उपाशी ठेवता काय?"

गोळीनं सोनमला उलट्या व्हायच्या. ते सांगायला तिनं तोंड उघडलं, तोवर सिस्टरनं पुढच्या बाईला हाक मारली. बाकावरच्या दोघीतिघी पदराआड हसल्या.

एसटीतून उतरून रंगूबाई ताडताड पुढं चालत राहिली. घरी चपला काढता काढता म्हणाली, "आता न्हाई जायाचं तितं."

"पर आत्ती, फुडच्या म्हैन्यात बोलावलंय."

"बोलावू दे. माझ्या आईची समदी बाळंतपणं घरातच झाली. कुणीबी उठून चार बायकांत तुझा पाणउतारा करावा म्हणून आणली न्हाई मी तुला."

पाणउतारा खरा तिचा स्वतःचा झाला होता. तो तिनं सुनेच्या नावावर खपवला, एवढंच.

आरोग्य खात्याची गावातली आशाताई प्रियंका अधूनमधून दारात यायची. "मावशी, बीपी तरी बघून घ्या की वं."

"लय झ्याक हाय ती. गाल बघ की कसं भरल्यात," रंगूबाई उंबऱ्यातूनच सांगायची. आणि गाल खरंच भरले होते. चार वेळा तेच ऐकल्यावर प्रियंकाही यायची कमी झाली.

सातव्यात ओटीभरण केलं. कासाराला बोलावलं. लग्नातल्या मापाची बांगडी सोनमच्या बोटांच्या पेरांवरच अडली. त्याच्या वरचं मापही जाईना. शेजारची आक्काताई हसून म्हणाली, "सासूनं लय खाऊ घातलंय गं. अंगावर मांस चढलंय पोरीच्या."

रंगूबाईला आभाळ ठेंगणं झालं. उपाशी ठेवता काय म्हणणाऱ्या त्या बाईला आत्ता इथं आणून हे हात दाखवावेत, असं तिला मनापासून वाटलं. "मोठं माप काढा मामा," ती ऐटीत म्हणाली. साबण लावून, हात दाबून कासारानं हिरवा चुडा चढवला. सोनमच्या डोळ्यांत पाणी आलं. चुडा भरताना रडू येतंच, असं बायका म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सोनमचं डोकं फुटायला लागलं. "डोळ्यापुढं अंधारी येतीया, आत्ती." रंगूबाईनं ओळखलं, काल एवढ्या बायका हात बघून गेल्या, दृष्ट लागली. मीठमिरच्या उतरून चुलीत टाकल्या. ठसका म्हणून आला नाही, म्हणजे नजर भारीच होती. पण उतरली, असं म्हणून तिनं सोनमच्या कपाळाला फडकं आवळून बांधलं आणि तिला निजवलं.

सकाळी नळावर घागर भरता भरता सोनम कोसळली. दातखीळ बसली आणि अंग झटके द्यायला लागलं. सिद्धूनं गाडी मिळवून साताऱ्याचा मोठा दवाखाना गाठला. तिथल्या सिस्टरला सलाईनसाठी शीर सापडेना आणि चुडा मनगटातून निघेना. "फोडा त्या बांगड्या," ती म्हणाली.

रंगूबाईनं स्वतः खाटेच्या दांडीवर सुनेच्या बांगड्या फोडल्या. लेक धडधाकट दाराशी उभा, आणि ती सुनेचे हात मोकळे करत होती. काच निघाली तसे खाली खोल वळ दिसले. तिनं एका वळाशेजारी अंगठा दाबला. तिथं खड्डा पडला आणि तो भरून येईना. ते मांस नव्हतं.

दुपारी डॉक्टरीणबाई ऑपरेशन करून वॉर्डात आल्या. बाळ गेलं होतं. आईचं उद्यापर्यंत काही सांगता येत नाही, म्हणाल्या. "ही सूज कधीपासून आहे? शेवटचं बीपी कधी बघितलं होतं?"

"पाचव्यात," रंगूबाई म्हणाली. "मग मीच जाऊ दिलं न्हाई."

तिनं मान खाली घातली. आता ह्या बाई बोलणार, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलणार. बोलू दे. पण बाई नुसत्याच आत गेल्या. सिस्टरनं खाटेखाली सकाळपासून सांडलेली काच झाडून घेतली, एक स्टूल आणून ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "बसा मावशी."

"मला काय तरी बोला की वं बाई," रंगूबाई म्हणाली.

सिस्टर पुढच्या खाटेकडं गेली होती.