तो सिरीयस आहे

मी सिरीयस बोलतोय. चेष्टा नाही, माझं नावच सिरीयस. इंग्रजीतलं एक विशेषण.

जन्म लॅटिनमधला. तिथे माझा अर्थ साधा होता: वजनदार, थट्टेवारी न नेण्यासारखा. मग फ्रेंचांकडे राहिलो, तिथून इंग्रजीत गेलो. मराठीत आलो तो थेट दवाखान्यातच दाखल झालो. इथे 'पेशंट सिरीयस आहे' म्हटलं की नातेवाईक धावत सुटतात. आणि तेच लोक पोरांना म्हणतात, 'अभ्यासात जरा सिरीयस हो.' आता मी हवाय की नकोय? माझं तर डोकंच चालत नाही.

परवाचंच ऐका. एका नर्सचं एक्स-रे काढणाऱ्या मुलावर प्रेम. तिची आई शिवणकाम करते. दोन वर्षं आईचं एकच पालुपद, "त्या पोराचं काही खरं नाही. नुसता टाइमपास करतोय तुझ्याशी." शेवटी त्याने लग्नाचं विचारलं, आणि नर्सने ड्यूटीवरूनच घाईघाईत फोन लावला.

"आई, तो सिरीयस आहे. तुम्ही दोघं येऊन भेटून घ्या. वॉर्डात गडबड आहे, ठेवते."

झालं. आई शिवण टाकून उठली. गळ्यात मोजायची टेप तशीच, एका पायात नवऱ्याची चप्पल, अशी ती नवऱ्याला ओढत हॉस्पिटलात पोचली आणि लेकीच्या गळ्यात पडून रडायलाच लागली.

"मी उगाच आडवी आले गं. वाचू दे त्याला. लग्न लावून देते, शब्द देते."

एवढ्यात तो आला, चांगला धडधाकट, हातात चहा. "काकू, बसा ना."

"याला काय झालंय?"

"काही नाही," लेक गोंधळली. "लग्नाबाबत सिरीयस आहे, म्हटलं मी."

आईने डोळे पुसले. "मग मघाचं विसरा. मला वाटलं, हा चाललाच." लेकीचा चेहरा पडला. माझाही. सांगितलं तेवढंच बोललो होतो मी.

बाबा आजवर कधी मध्ये पडले नव्हते. ते म्हणाले, "अगं, शब्द दिलास. आता फिरवू नकोस."

आईने त्या मुलाकडे एकदा नीट बघितलं. मग तिने त्याच्या हातातला चहा घेतला.

एका शब्दावर लग्न जमलं, असं आता सगळे म्हणतात. पण कुठल्या? आईने दिला तो, की लेकीने फोनवर उच्चारला तो, मी? काही कळत नाही. मला बोलावतील का हो लग्नाला?