लॉनवर उमटलेली हिरवी पावलं

ताईच्या फाटकाशी चपलांचा एवढा ढीग पडला होता, की घरात कोणी गेलं-बिलं की काय या धास्तीनं मी टॅक्सी थांबायच्या आधीच दार उघडलं.

कोणी गेलेलं नव्हतं. चमत्कार झाला होता.

घरापुढचं लॉन थंडी संपता संपता कुठलंही लॉन दिसतं तसंच होतं, पिवळट आणि मरगळलेलं. पण त्या पिवळ्यावर फाटकापासून व्हरांड्यापर्यंत हिरवीगार पावलं उमटली होती. टाच, चवडा, अंगठा, सगळं ओळखू यावं इतकी स्वच्छ. पावलाच्या आकारातलं गवत गर्द होतं आणि आजूबाजूच्या गवतापेक्षा चांगलं बोटभर वर आलेलं होतं. अख्खी कॉलनी रांग लावून उभी होती आणि एकेक जण अनवाणी त्या पावलांत आपलं पाऊल ठेवत पुढे सरकत होता. काहींचे डोळे मिटलेले होते. एक बाई रडत होत्या. कडेला दोन पदव्या मिळवलेला एक इंजिनिअर मोबाइलवर चित्रण करत होता.

"अगं, चपला काढ आधी!" ताई व्हरांड्यातून ओरडली. "महाराजांच्या पावलांवर चपला घेऊन येतेस?"

माझी ही मोठी बहीण एरवी लॉनवर पान पडलं तरी कपाळाला आठ्या घालते. आज तिच्या लॉनवरून शेकडो पाय चालले होते आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

या कॉलनीबद्दल थोडं सांगायला हवं. इथल्या प्रत्येक घरापुढे लॉन आहे आणि प्रत्येक घराचा जीव त्या लॉनमध्ये अडकलेला आहे. कोणाचं गवत जास्त हिरवं यावरून इथे अबोले धरले जातात. भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, या सगळ्यांचे गुरू. ऋतू पालटला की ते पंजा घेऊन लॉन विंचरायचे, मेलेल्या काड्या उपसून काढायचे, लोखंडी काट्यानं जमिनीला भोकं पाडायचे, चाळलेली माती आणि कुजलेलं खत हातानं पसरायचे. "थंडीत गवत झोपतं. झोपलेल्याला उठवायचं नाही," हे त्यांचंच वाक्य. पण या वर्षी त्यांच्या साखरेनं उचल खाल्ली आणि पाय बधिर झाले. पंजा अडगळीच्या खोलीत गेला, लॉन पिवळं पडलं, आणि नेमक्या त्याच वेळी सोसायटीच्या सेक्रेटरींनी एक महाराज शोधून आणले.

महाराजांचं पाळण्यातलं नाव कोणालाच माहीत नव्हतं. मी मनातल्या मनात त्यांना हरळीबाबा म्हणायला लागले.

पद्धत साधी होती. बाबा लॉनच्या कडेला उभे राहायचे. शिष्य पितळी झारीतून त्यांच्या पायावर 'सिद्धजल' ओतायचा आणि मग बाबा एकेक पाऊल दाबून टाकायचे. प्रत्येक पावलाआधी झारी पुन्हा ओतायची. हे सगळं दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर. दोन-चार दिवसांत तिथलं गवत गर्द व्हायचं आणि आठवड्याभरात वाढून वर यायचं. व्हरांड्याच्या पांढऱ्या फरशीवरही बाबा चालून गेले होते. तिथे गवत नव्हतं, म्हणून तिथे तांबडे डाग उमटले होते.

"हे रक्त आहे," ताई हलक्या आवाजात मला म्हणाली. "त्यांनी आपलं दुखणं स्वतःच्या पायावर घेतलं. किती घासलं तरी जात नाही बघ."

मी वाकून डाग पाहिला, नखानं खरवडला. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. तो रंग मी ओळखला. पण काही बोलायच्या आधी मला वास आला.

वास घरातून येत होता. उदबत्त्या लावलेल्या होत्या, अत्तर शिंपडलेलं होतं आणि त्या सगळ्याच्या खालून एक गोडसर, कुजका वास येत होता. उंदीर मरून पडला की येतो तसला. मी आत गेले. भावोजी आरामखुर्चीत बसले होते. अंगात ताप होता आणि उजव्या पायात लोकरीचा मोजा.

"भावोजी, मोजा काढा."

"आलीस? चहा घे आधी."

"मोजा काढा म्हणते ना!"

त्यांनी काढला नाही. ताईनंच सगळं सांगितलं, आणि तेही कौतुकानं. पहाटे दवात भिजलेल्या त्या पावलांवर अनवाणी चालायचं, मग सिद्धजलात पाय बुडवून बसायचं, आणि इन्सुलिन बंद. सुई टोचली की म्हणे गवताची ऊर्जा शरीरातून निघून जाते. चालताना कधीतरी तळव्यात वाळकं खोडकं घुसलं होतं. पाय बधिर, त्यामुळे त्यांना कळलंच नाही. कळलं तेव्हा मोज्यावर पू होता.

"आणि तुम्ही त्या जखमेवर ते पाणी ओतत बसलात?" माझा आवाज चढला. "ताई, गाडीची किल्ली दे. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये जायचं."

"आज नाही," भावोजी म्हणाले. "आज महाराज येणार आहेत. सगळ्यांसमोर जखम बंद करणार आहेत."

"आणि नाही झाली बंद तर?"

"तू नास्तिक आहेस. तुला नाही कळायचं."

तळपायाची आग मस्तकात गेली, पण पंचाहत्तर किलोचा माणूस मला उचलून नेता येणार नव्हता. ताई माझ्या बाजूनं नव्हती आणि बाहेरची गर्दी तर नव्हतीच. वादात वेळ घालवला असता तर पाय हातचा गेला असता. भावोजींना स्वतःच्या पायानं उठवायचं, तर आधी त्यांच्या मनातून बाबा उठवायला हवा होता.

मी स्वयंपाकघरात गेले आणि गॅसवर आधण ठेवलं. त्यात मूठभर चहापत्ती टाकून दूध-साखरेशिवाय खदखदून उकळलं. ताई म्हणाली, "एवढा कडू कोण पिणार?" मी म्हटलं, "बघू."

तेवढ्यात बाहेर गलका झाला. हरळीबाबा आले होते. अंगावर हिरवी रेशमी कफनी, गळ्यात गवताची माळ, चेहरा तुपात तळल्यासारखा तुकतुकीत. माइक हातात आला तसं त्यांच्या अंगात वारं शिरलं.

"गवत काय म्हणतं? गवत म्हणतं, मला तुडवा! जो तुडवला जातो तोच उगवतो! तुमच्या तळव्यात बहात्तर हजार नाड्या आहेत, गवताच्या मुळांत बहात्तर हजार नाड्या आहेत. नाडीला नाडी भिडली की साखर कुठे जाते?"

"मातीत!" गर्दी ओरडली. म्हणजे हे पाठांतर आधीच झालेलं होतं.

"डॉक्टर काय करतो? डॉक्टर मुळावर घाव घालतो! आणि आम्ही?"

"मुळाला पाणी घालतो!"

शिष्यानं झारी पुढे केली. मी ट्रे घेऊन व्हरांड्याच्या पायरीवर आले. ट्रेवर काचेचे दोन रिकामे ग्लास होते आणि चहाचं भांडं.

"महाराज, मलाही थोडं सिद्धजल द्या ना," मी म्हटलं. "लांबून आलेय."

बाबा प्रसन्न हसले. एक नवीन मासा. त्यांनी मान हलवली आणि शिष्यानं झारीतून एक ग्लास भरला. दुसरा मी अंगणातल्या नळावर भरला. मग दोन्ही ग्लास सगळ्यांना दिसतील असे वर धरले. दोन्हीकडे पाणी बरंचसं सारखंच दिसत होतं.

"नळाच्या पाण्यात काळा चहा घालते. बघा," मी म्हटलं आणि ओतला. पाणी चहाच्या रंगाचं झालं. "आता सिद्धजलात."

ओतता क्षणीच ते काळं पडलं. नुसतं काळपट नाही, शाईसारखं काळंकुट्ट. पुढच्या रांगेतल्या बाई "अगंबाई!" म्हणून मागे सरल्या.

"अपवित्र हातांनी स्पर्श केला," बाबा माइकमध्ये म्हणाले. "जल कोपलं."

"मग तुम्ही ओता. तुमचे हात तरी पवित्र आहेत ना?"

बाबांनी चहाचं भांडं हातात घेतलं नाही.

"मंडळी, याला हिराकस म्हणतात," मी म्हटलं. "लोखंडाचा क्षार. चहात पडला की त्याची शाई होते, माझ्या वर्गातली मुलं हा प्रयोग दर वर्षी करतात. गवतावर पडला की गवत दोन दिवसांत गर्द दिसतं. फरशीवर पडला की गंजतो, आणि त्या गंजाला तुम्ही रक्त समजून नमस्कार करताय. गवत वाढलं ते सोबत मिसळलेल्या युरियानं. पायावर ओतायचं, पाय दाबायचा, जिथे पाय तिथे खत. तुमचा कुत्रा लॉनवर मुतला तरी आठवड्याभरात तिथे असंच हिरवं कडं उमटतं. त्यालाही आणून बसवा गादीवर!"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. इंजिनिअरनं मोबाइल खाली घेतला.

"एवढंच करा महाराज," मी पुढे म्हटलं. "झारीतल्या पाण्याचा एक घोट सगळ्यांसमोर प्या. नाहीतर नळाच्या पाण्यानं पाय धुऊन चाला, आणि उमटू द्या पावलं."

बाबांनी दोन्ही हात जोडले, डोळे मिटले आणि बोटानं ओठांकडे खूण केली. शिष्यानं जाहीर केलं, "महाराज मौनात गेले आहेत." आल्यापासून ज्याची जीभ टाळूला लागली नव्हती, त्याला नेमका आत्ताच मौनाचा उमाळा आला होता.

आणि तरीही निम्मी गर्दी हलली नाही. याचीच मला सगळ्यात जास्त किळस आली. शाई डोळ्यांसमोर होती आणि लोक बाबांच्या तोंडाकडे बघत होते.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. भावोजी भिंतीचा आधार घेत व्हरांड्यात आले.

"चहाचं राहू दे," ते म्हणाले. "महाराज, तुम्ही माझा पाय बरा करणार होतात. हा घ्या पाय."

ते पायरीवर बसले आणि त्यांनी मोजा ओढून काढला.

मोज्याला चिकटून कातडीही निघाली. अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं. तळव्याला भोक होतं आणि त्यातून हिरवट पू ओघळत होता. एक माशी लगेच येऊन बसली. वास असा उसळला की पुढची रांगच्या रांग तोंड फिरवून बाजूला झाली. ताईच्या तोंडून किंकाळी फुटली. तिनं तो पाय इतक्या दिवसांत उजेडात पाहिलाच नव्हता.

भावोजी कोणाकडेच बघत नव्हते. ते फक्त बाबांकडे बघत होते.

बाबांनी डोळे उघडले. पाय पाहिला. आणि कफनीची बाही नाकाला लावून दोन पावलं मागे सरकले.

ज्यानं दुखणं स्वतःच्या पायावर घेतलं होतं, तो नाक दाबून उभा होता. भावोजींचा चेहरा मी पाहिला. शाईनं जे झालं नव्हतं ते त्या बाहीनं केलं.

"ताईला सांग, किल्ली घे," ते मला म्हणाले. "चल दवाखान्यात."

आम्ही त्यांना धरून गाडीपर्यंत नेलं. हात लावायला पुढे एकच माणूस आला, तोही रस्त्यानं चाललेला दूधवाला. बाकीचे आपापल्या चपला शोधण्यात गुंतले होते. या गडबडीत बाबांनी काढता पाय घेतला.

गाडीत ताई हुंदके देत होती. भावोजी खिडकीबाहेर बघत एकदम म्हणाले, "हिराकस. मी स्वतः कुंड्यांना घालायचो. फरशीवर सांडला म्हणून तुझ्या बहिणीनं घर डोक्यावर घेतलं होतं. तो डाग मी ओळखायला हवा होता." मग म्हणाले, "ओळखलाही असेन. पण मला पुन्हा पंजा धरायचा होता गं."

सर्जननी पाय वाचवला, बोटं नाही. अंगठा, शेजारचं बोट आणि चवड्याचा काही भाग गेला. "अजून थोडे दिवस घरी ठेवलं असतं तर घोट्यावरून कापावा लागला असता," ते म्हणाले, "किंवा कापायलाही माणूस उरला नसता." ताईनं ते वाक्य ऐकलं आणि ती कॉरिडॉरमधल्या बाकावर मटकन बसली.

भेटीच्या वेळेत सोसायटीचे सेक्रेटरी आले. फळं आणली, इकडचं तिकडचं बोलले, आणि निघताना मला दारापाशी गाठून हळूच म्हणाले, "ते हिराकस आणि युरिया... प्रमाण काय घ्यायचं हो? रंग मात्र काय आला होता!" आत बोटं कापलेला माणूस होता आणि याला गवताचा रंग दिसत होता. मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. बाबा आता शहराच्या दुसऱ्या टोकाला आहेत, असं ऐकते. तिथल्या बंगल्यांतही लॉन आहेत आणि तिथेही रांगा लागतात.

ऊन तापायला लागलं तसं ताईचं लॉन आपसूक जागं झालं. सगळीकडून सारखं हिरवं फुटलं आणि बाबांची पावलं त्यात कुठे होती हेही आता दाखवता येत नाही. पंजा ताई धरते. भावोजी खुर्चीत बसून सांगतात, "उगाच खोल ओढू नकोस, मुळं दुखावतील." खुर्चीतून उठताना त्यांचा तोल जातो.

गवत थंडीनं पिवळं पडलं तर घाबरू नका. ते मेलेलं नसतं. काड्या काढा, माती द्या, सकाळचं पाणी द्या आणि वाट पाहा, त्याला कोणाच्या पायाची गरज नाही. पण बधिर पायाला झालेली जखम वाट पाहत नाही, आणि कापलेलं बोट कुठल्याच पाण्यानं पुन्हा फुटत नाही. तुमच्या घरात साखरेचं दुखणं असलेलं कोणी मोजा काढायला टाळाटाळ करत असेल, तर हे वाचून बाजूला ठेवा, उठा, आणि त्याचा मोजा आत्ता काढून पाहा.