लू सरांचे तास

चीनच्या हूनान प्रांतातल्या आमच्या तालुक्याच्या शाळेत मी पाचवीला गणित शिकवते. खेळाचे सर लू योंगछांग. त्यांचा तास मला हवा असला की मी वर्गात जाऊन सांगायचे, "लू सर आजारी आहेत. वह्या काढा." सर बाहेर मैदानावर गळ्यात शिट्टी अडकवून उभे असायचे. धडधाकट.

"फान बाई, पोरांचा जीव आंबून जाईल," ते काकुळतीला यायचे. "आठवड्यातला एक तरी तास ठेवा हो."

"उड्या मारून कुणाला चांगली माध्यमिक शाळा मिळालीय का?" मी म्हणायचे. शिक्षकखोलीत सगळे हसायचे.

ते अख्खं सत्र असंच गेलं. मग जिल्ह्याची तंदुरुस्ती चाचणी आली. पन्नास मीटरच्या आठ फेऱ्या. सहाव्या फेरीला माझ्या वर्गातली तान यूछी कोसळली. पोरीचे ओठ निळे पडले होते. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत लू सर तिची छाती दाबत राहिले, क्षणभरही थांबले नाहीत.

मुलगी वाचली. पण कुणाला तरी धरायला हवंच होतं. सभेत मुख्याध्यापिका शी बाईंनी विचारलं, "सराव करून घेतला नव्हता?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेनाचं टोपण काढत-लावत राहिले.

"नव्हता," ते म्हणाले. एवढंच. त्यांना नोकरीवरून काढलं.

तीन दिवस मी नेहमीसारखे तास घेतले. चौथ्या दिवशी दवाखान्यात जाऊन यूछीच्या आईला सगळं सांगून टाकलं. वाटलं, थोबाडीत मारेल. तिने दार लोटून माझे हात धरले.

"बाई, हे कुठं बोलू नका. जादा गणित घ्या म्हणून मीच ना तुमच्या मागे लागले होते? तुम्हाला काढलं तर पोरीचं कोण बघणार? परीक्षा तोंडावर आलीय."

"अहो, मेली असती ती!"

"मेली नाही ना," ती म्हणाली, आणि हमसून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी सगळं लिहून शी बाईंपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, कागद परत माझ्या हातात दिला.

"गणितात तुमचा वर्ग पहिला आहे, फान बाई. जा, घंटा झालीय."

लू सर शनिवारी गाव सोडून निघाले. मी त्यांना बसथांब्यावर गाठलं. "सर, मी लिहून दिलं होतं."

"कधी?"

"काल."

"सभेत बोलायचं होतंत, बाई." ते बसमध्ये चढले.

मैदानाला आता कुलूप आहे. मधल्या सुट्टीतही पोरं बाकांवरच बसून असतात. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहते. त्यांच्याकडे बघवत नाही.