ओळखीचा तक्ता

मारेगावच्या प्रशिक्षणात शुभदानं चाळीस शिक्षकांपुढे मार्करचं खोकं उघडलं, तेव्हा तिला स्वतःचाच अभिमान वाटत होता. यवतमाळात तीन पिढ्या नोकरीपेशात गेलेल्या घरची ही मुलगी. नागरिकत्वाचं शिक्षण पोरांच्या घरापासून सुरू व्हावं, असं तिला मनापासून वाटे. वर्गातल्या प्रत्येक पोराचं नाव तक्त्यावर लिहायचं आणि घरच्या भाषेप्रमाणे पुढे ठिपका द्यायचा: कोलामी लाल, बंजाऱ्यांची गोरबोली हिरवा, वऱ्हाडी निळा. मग तक्ता वर्गात टांगायचा. विविधता डोळ्यांना दिसली की आदर आपोआप येतो, असं ती ठासून म्हणाली.

पंचफुला टेकामचा कागद मात्र संध्याकाळपर्यंत कोराच. गावाबाहेरच्या कोलाम आदिवासींच्या वस्तीतून, पोडावरून, शिकून शाळेतली बाई झालेली ती पहिलीच.

"मॅडम, माह्या वर्गातल्या पोराईले अजून हे माहीतच नाही."

"काय माहीत नाही?"

"कोन कोनाचं ते. दोघं-दोघं एका ताटात जेवतात. कायले दाखवाचं?"

शुभदाला तो भित्रेपणा वाटला. ओळख लपवायची नसते, मिरवायची असते, असं तिनं समजावलं. तक्त्याशिवाय प्रमाणपत्र नाही, हेही हसत हसत सांगून टाकलं. पंचफुलानं नावं लिहिली, हिरवे-निळे ठिपके दिले. शेवटी लाल मार्कर उचलला, अकरा ठिपके दिले आणि टोपण न लावताच उठून गेली.

पंधरा दिवसांनी शुभदाच्या फोनवर पंचफुलाच्या शाळेतून निरोप आला. 'तक्ता लय उपयोगी पडला. पाहाले या. बबनराव, अध्यक्ष, शाळा समिती.' तिनं तो साहेबांना पाठवला, आईलाही पाठवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण शुभदाला तेव्हा कुठलं कळायला!

ती पोचली तेव्हा परिपाठ चालला होता. "आम्ही भारताचे लोक," पोरं खणखणीत म्हणत होती. रांगा तीन होत्या आणि मध्ये चांगलं हातभर अंतर होतं. शिस्त म्हणून शुभदाला कौतुकच वाटलं.

दुपारी खिचडीची घंटा झाली आणि कुणी काही न सांगता पोरं तीन ओळींत बसली. प्रत्येकापुढे ज्याचं त्याचं ताट. जेवणाच्या वेळी एवढी शांत शाळा शुभदानं कधी पाहिली नव्हती. तिनं एक रिकामं ताट पालथं केलं. खाली नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. तिनं नखानं खरवडला, पण तो निघेना.

"धुतलं तरी जात नाही," खिचडी वाढणाऱ्या बेबीताई कौतुकानं म्हणाल्या.

शुभदानं ताट खाली ठेवलं. "हे मी सांगितलं नव्हतं."

"रंग तं तुमचेच ना?" बबनराव हसले. "पोडावरच्या पोराईले येगळं बसवा, असं लोकं कवाचे म्हनत होते. हिंमत कोनाची होत नव्हती. आता प्रशिक्षणातूनच तक्ता आला. सुंठीवाचून खोकला गेला, मॅडम!"

तिनं वर्गात जाऊन भिंतीवरचा तक्ता ओढून काढला आणि टराटरा फाडला. बबनराव दारातून शांतपणे बघत राहिले.

"फाडा ना. फोटो हाय माह्याजवळ. आजूबाजूच्या चार गावाईनं बी मागून घेतला."

शुभदा तडक बाहेर आली. बेबीताईंच्या ढिगातून एक ताट उचलून लाल ठिपक्यांच्या ओळीत जाऊन बसू लागली. ओळीच्या शेवटी पंचफुला जेवत होती. तिनं मान वर केली नाही.

शेजारच्या सोनूनं, सात वर्षांच्या त्या पोरीनं, आपलं ताट झटकन जवळ ओढलं. तिच्या आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. पाहुण्याला वाट सांगावी तशी ती म्हणाली,

"मॅडम, तुमी तिकडं बसा. इथं आम्ही बसतो."