ओटमारची काठी

ओटमारच्या शवपेटीत ती काठी मीच ठेवली. लोखंडी, टोकाशी वाकवलेली, साप हाताळायची. आमच्या मोराव्हियात साप पाळणाऱ्यांची मंडळं गावोगावी आहेत, आणि आमच्या मंडळातल्या सगळ्यांचे डोळे तेव्हा पाणावले होते. शहाणपणा कुणालाच सुचला नाही.

महिन्याभरानं, रविवारी दुपारी, त्याच्या बायकोनं, बोहदानानं मला बोलावलं. त्याच्या तीनपैकी एकच साप ठेवायचा होता, आणि घरात त्यांची सहा वर्षांची मुलगी, रोझाली.

"तिघांत स्वभावानं गरीब कोण, तेवढं सांग रादिम," ती म्हणाली. "मला तर ओटमारचाही स्वभाव पंधरा वर्षांत कळला नाही."

मी सांगितलं. ॲनाकोंडा तिरसट, पण जे आहे ते तोंडावर. काचेजवळ गेलं की फूत्कारणार. जाळीदार अजगर हुशार. खोलीत कोण कुठे उभं आहे हे त्याला ठाऊक असतं, आणि तेच मला आवडत नाही. तिसरी, पिवळी अजगर झ्लाता मात्र गरीब गाय. पंधरा फुटांची, पण ओटमार तिला मांडीवर घेऊन बातम्या बघायचा.

झ्लाताच ठेवते, असं बोहदाना म्हणतेय तोवर सापांच्या खोलीतून काच सरकल्याचा आवाज आला.

तेव्हा कुठे मला काठी आठवली. काच सरकवली की ओटमार आधी ती सापाच्या मानेजवळ दोनदा टेकवायचा. म्हणजे आता जेवण नाही. मगच हात घालायचा. काठी टेकली नाही, तर उघडी काच म्हणजे खायला ससा. झ्लाताचा सगळा गरीबपणा त्या काठीत होता आणि काठी जमिनीखाली. गरीब गाय, पोटात पाय.

आम्ही धावलो. रोझाली उघड्या काचेशी उभी होती. सकाळभर परसातले ससे कुशीत घेऊन बसली होती. स्वेटरवर त्यांचे केस. समोर झ्लाताची मान मागे आखडलेली, जीभ आतबाहेर. मी जागीच थिजलो. हललो असतो तर झ्लाता झेपावली असती.

मग तिच्या मानेजवळची पिवळी कातडी दबली. बोटभर खळगा पडला, काहीतरी टेकवल्यासारखा. पुन्हा एकदा पडला. जवळ कुणीच नव्हतं. झ्लाताची मान सैल झाली आणि तिनं डोकं वेटोळ्यावर ठेवलं.

"बाबांनी सांगितलं तिला," रोझाली म्हणाली. "रोज सांगतात. मी काच उघडली की येतात."

मी काच लावली. तिन्ही साप आजच नेतो म्हणालो, आणि बोहदानानं पोरीला घट्ट धरून होकारार्थी मान हलवली. दोन पेट्या गाडीत गेल्या. तिसरी, झ्लाताची, ओढायला वाकलो, तेव्हा बोहदानानं झाकणावर हात ठेवला.

"हिला राहू दे, रादिम. ही गेली तर तो कशाला येईल?"

मी रोझालीकडे पाहिलं. स्वेटरवर अजून सशाचे केस होते. बोहदानाचा हात मी हळूच बाजूला केला आणि पेटी गाडीपर्यंत ओढत नेली.