युरोपाच्या बाजूची रिकामी जागा

केनवडच्या त्या घरात सगळ्यात शिकलेलं कोण, हा सवालच नव्हता. थोरली सून ज्योत्स्ना! एम.एस्सी. फिजिक्स, ज्युनिअर कॉलेजात शिकवणारी, गावभर 'मॅडम'. मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि कामरगावची वैभवी सून म्हणून आली, पुण्यात पीएचडी करणारी. तेव्हापासून ज्योत्स्नाच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर औषध नव्हतं.

बरं, विषय तरी साधा असावा की नाही? गुरू ग्रह आणि त्याचे चंद्र यांच्याकडून येणारे क्ष-किरण! सासूबाईंनी, म्हणजे प्रयागबाईंनी, 'गुरू' एवढंच ऐकलं आणि हात जोडले. पोरगी देवाचंच काम करून राह्यली म्हणे. धाकटीनं सुट्टीत लॅपटॉप उघडला की तिला स्वयंपाकाला हाक मारायची नाही, आणि गुरुवारी तर तिच्या खोलीत चप्पल घालून पाऊलसुद्धा टाकायचं नाही. शेजारच्या गोजराबाई लेकीचं गुरुबळ विचारून गेल्या. भाकरी कोणी थापायच्या? मॅडमनं. हे मोजमापाचं काम आहे, पूजा नाही, असं तिनं एकदा सांगून पाहिलं, तर सासूबाई म्हणाल्या, जळतं कायले?

जळत तर होतीच.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत वैभवीच्या हाती घबाड लागलं. अंतराळातल्या दुर्बिणीच्या जुन्या नोंदींत युरोपा हा गुरूचा चंद्र जिथून जिथून सरकला, तिथले क्ष-किरणांचे मोजके ठिपके तिनं एकत्र केले. युरोपा चमकत होता! तिनं शोधनिबंध लिहिला आणि पाठवण्याआधी नोंदींसकट ज्योत्स्नाच्या हाती दिला. पुण्याच्या गाईड सरांनी पाहिला आहे, पण घरचं माणूस बारकाईनं पाहील, असं म्हणाली.

ज्योत्स्ना खोट काढायलाच बसली. सोयाबीन मोजताना नवरा आधी रिकाम्या बारदान्याचं वजन करायचा, मगच भरलेल्या पोत्याचं. तिनंही तेच केलं. वैभवीनं युरोपाभोवती जेवढं वर्तुळ आखलं होतं, तेवढंच बाजूच्या रिकाम्या आभाळात आखून ठिपके मोजले. तिथंही तितकेच! गुरूचाच उजेड आजूबाजूला सांडत होता, युरोपा बिचारा काहीच करत नव्हता. हिनं भरलेलं पोतं मोजलं होतं, बारदाना वजा करायचा राहिला होता.

ज्योत्स्नाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सांगायला उठलीसुद्धा. तेवढ्यात ओसरीवर सासूबाई गोजराबाईंना धाकटीचं कौतुक सांगताना ऐकू आल्या. थोरलीचं काय, पोरं कोणीबी शिकवते, असंही म्हणाल्या. झालं. ज्योत्स्ना परत खाली बसली. होऊ दे हिची फजिती चारचौघांत! वैभवीनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, सगळं बरोबर आहे.

दोन दिवसांनी वैभवीनं सगळ्यांना बोलावलं. निबंध आता छापायला पाठवायचा होता. प्रयागबाई पेढ्यांचा डबा घेऊन उभ्याच होत्या. वैभवीनं लॅपटॉप ज्योत्स्नाकडे वळवला. निबंधावर पहिलं नाव तिचं होतं आणि दुसरं ज्योत्स्नाचं.

"तुमी तपासलं म्हणून मले धीर आला, ताई," ती म्हणाली. "सरायले विचारून तुमचं नाव टाकलं."

ज्योत्स्नाच्या तोंडचं पाणी पळालं. जन्मात पहिल्यांदा नाव छापून येणार, तेही असल्या चुकीवर! वैभवीचं बोट बटणापाशी गेलं होतं.

"थांब. पाठवू नको," ज्योत्स्ना म्हणाली. "चूक आहे त्यात."

तिनं भराभरा सगळं सांगितलं. वैभवीनं तिथंच बसून रिकाम्या जागेवरचे ठिपके मोजले. मग तिनं विचारलं, हे कधी कळलं. आता खोटं बोलायला तोंड होतंच कुठं? ज्योत्स्ना म्हणाली, परवा.

वैभवी रडली नाही की भांडली नाही.

"माझं एकटीचंच नाव असतं, तर सांगतलं असतं काय, ताई?"

ज्योत्स्नाला शरम वाटत होती, खरंच वाटत होती. पण त्या शरमेच्याही आधी तिच्या मनात आलं ते एवढंच, की ही आता आपलं नाव काढून टाकणार.