कौसल्याबाईंचा तुकडा

ऐक, मधी बोलू नकोस. मी डबी उघडली, चिमट्यानं तुकडा बाहेर काढला, आणि त्या कातडीवर केस! काळे, जाड, ताठ. डबीवर नाव माझ्याच हातचं. कौसल्या मानसिंग, वय अठ्ठावन्न, अंथुर्णे. छातीच्या गाठीचा कातडीसकट तुकडा. आता सांग, कुठल्या बाईच्या छातीवर असले केस असतात?

नाव सांगितलं होतं तिच्या नवऱ्यानं. डबी घेऊन स्वतःच आलता लॅबमधी. डॉक्टरची चिठ्ठी गाडीत राहिली म्हणं. कडक पांढरे कपडे, बोटात तीन अंगठ्या, आणि डावा खांदा सारखा पुढं ओढून बसलेला. मला तवाच कळाय पाहिजे होतं गं!

आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडमनी तुकड्याची काच मायक्रोस्कोपखाली बघितली. कॅन्सरच. स्तनाचा. शंभर पेशंटांत एखादाच पुरुष असतो, म्हणाल्या. दुखत न्हाय, बोंडामागं नुसती कडक गाठ, बोंड आत ओढलेलं, आणि हे लोक मुका मार लागलाय म्हणून वर्ष काढतात.

"कौसल्याबाईंकडून लिहून घे, हा तुकडा माझा नाही म्हणून," मॅडम म्हणाल्या. "मगच नाव बदलता येईल."

काल आले दोघं. तात्या, म्हंजे तिचा नवरा, खुर्चीत; कौसल्याकाकू भिंतीला टेकून उभ्या.

"तात्या, ही गाठ तुमची हाय."

"हळू बोल की!" दाराकडं बघत म्हणाला. "बायकांचा रोग त्यो. मला कसा हुईल? गावात सांगितलंय मी, हिला झालाय म्हणून. ती काय, घरातच असती."

ऐकलंस? गावभर सांगून मोकळा! बायका तिला शहाळी आणून देतायत, गळ्यात पडून रडतायत, आणि हा सोसायटीच्या कट्ट्यावर बसून बिच्चारा म्हणवून घेतोय. ती डबीच त्याच्या इस्त्रीच्या कपड्यांवर ओतावी वाटली मला.

"पुण्याच्या कॅन्सरच्या दवाखान्यात दुसऱ्याच्या नावाच्या रिपोर्टवर औषध चालू करत न्हायत," मी म्हणलं. "आणि उशीर झाला तर पसरंल."

तवा कुठं घाम फुटला बाबाला.

"कर गं सही," बायकोवर खेकसला, आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेला.

काकूंनी पेन घेतलं. कागद वाचला, सावकाश, ओठ हलवत.

"हितं सही न्हाय केली तर?"

"तर रिपोर्ट तुमच्याच नावावर राहतो, काकू. त्यांचं औषध अडकतं."

"धा वर्सामागं मला गाठ आलती. हे म्हणले, असल्या रोगाला माझी गाडी न्हाय निघायची. एसटीनं आले मी बारामतीला. एकटी." हसल्या गं, खरंच हसल्या. "साधीच निघाली."

मग पेनाला टोपण लावलं आणि टेबलावर ठेवलं.

"तुकडा माझाच हाय, पोरी."

काचेबाहेर तात्या दिसत होता. एक हात शर्टाच्या आत, गाठीवर, आणि फोनवर कुणाला तरी सांगत होता, "व्हय व्हय, मंडळी लई खचलीया."

कागद माझ्यासमोर, बिनसहीचा. मॅडम आत वाट बघतायत. तात्या दार ढकलतोय.

तू असतीस, तर काय केलं असतंस?